कल्चर ‘निगेटिव्ह’ आलं, म्हणजे जंतू नव्हतेच का?

एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आपण संध्याकाळी ई. कोलायची प्लेट स्ट्रीक करतो आणि सकाळी येऊन कॉलनी मोजतो. या सवयीमुळे डोक्यात एक समज पक्का बसतो: जंतू असले की वाढतात, आणि वाढले नाहीत म्हणजे ते नव्हतेच. टीबीवर काम करायचं असेल तर हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. इथे जंतू असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं आणि नसूनही पॉझिटिव्ह येऊ शकतं. यातलं नेमकं काय घडलं हे बऱ्याचदा नमुना लॅबमध्ये आल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांतच ठरतं.

पीएच.डी.साठी मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा पब्लिक हेल्थकडे वळणारे बरेच जण कधी ना कधी पेशंटच्या नमुन्यांवर काम करतात. म्हणून सावकाश वाढणारे जंतू नमुन्यातून वेगळे कसे काढतात, हे आज मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसच्या उदाहरणावरून समजून घेऊ. प्रोटोकॉल तुम्हाला लॅबमध्ये छापील मिळेलच. इथे भर त्यातल्या प्रत्येक पायरीमागच्या ‘का’वर आहे.

अडचण कुठे आहे?

चांगल्या मीडियावर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी साधारण १८ ते २४ तास लागतात. म्हणजे एका दिवसात ई. कोलायच्या ७२ पिढ्या होऊ शकतात (अर्थात कागदावर, कारण अन्न त्याच्या खूप आधी संपतं) आणि टीबीची जेमतेम एक.

आता नमुन्याचा विचार करा. बेडका फुप्फुसातून येतो, पण बाहेर पडतो तोंडातून, आणि तोंडात शेकडो प्रकारचे जंतू राहतात. हा नमुना थेट पौष्टिक मीडियावर लावला तर दुसऱ्या दिवशी ट्यूब गच्च भरलेली दिसेल, पण त्यात टीबी नसेल. शेतात पीक उगवायच्या आधीच तण माजावं तसा हा प्रकार आहे. तणनाशक मारावंच लागतं, पण जास्त झालं तर पीकही जळतं. पुढे येणारी सगळी तंत्रं या एकाच पेचाभोवती फिरतात.

हा जंतू इतका संथ का, याची एकच एक ओळ सांगता येत नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पहिली, त्याच्या जिनोममध्ये रायबोसोमल आरएनएचा एकच ऑपेरॉन आहे, तर ई. कोलायकडे सात आहेत. प्रथिनं बनवण्याचा कारखानाच लहान असल्याचा हा परिणाम मानला जातो. दुसरी म्हणजे त्याची भिंत. तिच्यात मायकोलिक ॲसिड नावाची खूप लांब साखळीची मेदाम्लं असतात. ही मेणचट भिंत अन्न आत यायला अडथळा करते, पण अल्कलीपासून काही काळ संरक्षणही देते. तिचा हाच दुसरा गुण आपण वापरतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. उष्णतेने गोठवलेल्या सीरमवर त्यांनी तो वाढवला होता आणि कॉलनी दिसायला दुसरा आठवडा उजाडावा लागत होता. बाकी जंतू एक-दोन दिवसांत वाढतात हे माहीत असताना, रिकाम्या दिसणाऱ्या ट्यूब फेकून न देता ते थांबले. या विषयातलं पहिलं तंत्र म्हणजे हे थांबणंच.

नमुना चांगला नसेल तर पुढचं सगळं वाया

लाळ आणि बेडका यांत फरक आहे. पेशंटला नुसतं “थुंकी द्या” म्हटलं की डबीत बहुतेक वेळा पातळ, फेसाळ लाळ येते. खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला घट्टसर बेडका हवा असतो, साधारण ३ ते ५ मिलिलिटर. सकाळी उठल्याउठल्याचा नमुना चांगला, कारण रात्रभराचा स्राव साठलेला असतो. हे पेशंटला त्याच्या भाषेत, दोन मिनिटं काढून सांगणं हासुद्धा पद्धतीचाच भाग आहे. तुमच्या थिसिसच्या ‘मटेरियल्स अँड मेथड्स’मध्ये ते एका ओळीत येईल, पण डेटावर त्याचा परिणाम महागड्या मशीनपेक्षा जास्त असू शकतो.

नमुना २ ते ८ अंश तापमानात ठेवून जितक्या लवकर लॅबमध्ये पोचेल तितकं बरं. एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या एखाद्या गावातून नागपूरच्या लॅबपर्यंत डबी साध्या पिशवीतून आली, तर वाटेत तोंडातले जंतू कैक पटींनी वाढलेले असतात आणि टीबीचे जंतू होते तेवढेच किंवा कमी राहिलेले असतात.

थंडाव्याची सोय नसेल तर सेटिलपिरिडिनियम क्लोराइडचं १ टक्का द्रावण २ टक्के मिठासह नमुन्यात घालून पाठवण्याची पद्धत आहे. ते इतर जंतूंना रोखतं. पण इथे एक खाच आहे. हा नमुना अंड्याच्या मीडियावरच लावायचा, कारण अंड्यातले फॉस्फोलिपिड या रसायनाचा उरलेला परिणाम मारतात. द्रव मीडियात तसं काही नसल्यामुळे तिथे तेच रसायन टीबीलाही वाढू देत नाही. शिवाय असा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, कारण थंडीत ते रसायन स्फटिक होऊन खाली बसतं. एका टप्प्यावर घेतलेला निर्णय तिसऱ्या टप्प्यावर कसा येऊन बसतो, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

डिकंटॅमिनेशन: टक्केवारीचा घोळ आधी सोडवू

सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइड. यात तीन घटक असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं.

सोडियम हायड्रॉक्साइड इतर जंतूंना मारतं. एन-ॲसिटिल-एल-सिस्टीन, म्हणजे एनएएलसी, बेडक्यातल्या म्युसिनचे डायसल्फाइड बंध तोडून तो पातळ करतं. त्यामुळे चिकट गोळ्यात अडकलेले जंतू मोकळे होतात आणि कमी अल्कलीत काम भागतं. सोडियम सायट्रेट हे नमुन्यातले जड धातूंचे आयन पकडून ठेवतं, नाहीतर ते एनएएलसीला निकामी करतात. एनएएलसी ताजंच घालायचं आणि द्रावण २४ तासांत संपवायचं, कारण हवेतल्या ऑक्सिजनने त्याची ताकद जाते. म्हणूनच ट्यूब उगाच जोरजोरात हलवत बसायची नाही. व्हॉर्टेक्सवर थोडा वेळ पुरे.

आता टक्केवारी. बाटलीवर ४ टक्के लिहिलेलं असतं, प्रोटोकॉलमध्ये कुठे २ टक्के दिसतं, तर पेपरमध्ये ‘फायनल १ टक्का’. तिन्ही बरोबर आहेत. ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड आणि २.९ टक्के सायट्रेट समान मापाने मिसळलं की हायड्रॉक्साइड २ टक्के होतं. दर १०० मिलिलिटर मिश्रणाला अर्धा ग्रॅम एनएएलसी घालायचं. हे मिश्रण बेडक्याच्या समान मापात घातलं की बेडक्यातलं प्रमाण १ टक्का. नवीन मुलामुलींचा गोंधळ इथेच होतो. कोणी ‘४ टक्के’ हाच आकडा धरून मिश्रण बनवतो आणि प्रत्यक्षात दुप्पट तीव्रता वापरतो. कुठलाही पेपर वाचताना लेखकाने सुरुवातीची टक्केवारी दिली आहे की शेवटची, हे आधी बघा.

वेळ १५ ते २० मिनिटं. त्यानंतर ६.८ पीएचचं फॉस्फेट बफर घालून ट्यूब ५० मिलिलिटरपर्यंत भरायची. बफर दोन कामं करतं: अल्कली पातळ करतं आणि पीएच खाली आणतं. ५ मिलिलिटर बेडका आणि ५ मिलिलिटर द्रावण असेल तर १ टक्का उतरून ०.२ टक्क्यांवर येतो. थोडक्यात, बफर पडलं की घड्याळ थांबलं.

घड्याळ प्रत्येक ट्यूबसाठी वेगळं चालतं हे मात्र विसरू नका. समजा तुम्ही २४ नमुने एकदम घेतले आणि प्रत्येकाला द्रावण घालायला एक मिनिट लागलं. शेवटच्या ट्यूबला घालून झाल्यावर १५ मिनिटं मोजून मग बफर घालायला घेतलं, तर पहिली ट्यूब तोवर जवळजवळ ४० मिनिटं अल्कलीत बसली आहे. कागदावर मात्र सगळ्यांसमोर ‘१५ मिनिटं’ लिहिलं जातं. त्यामुळे बॅच लहान ठेवायची, सेंट्रिफ्यूजमध्ये एका वेळी मावतील तेवढ्याच नमुन्यांची, आणि बफर घालायचा क्रम द्रावण घालायच्या क्रमासारखाच ठेवायचा.

सेंट्रिफ्यूज: आरपीएम लिहू नका

टीबीच्या जंतूत मेदाचं प्रमाण जास्त असल्यामुळे तो हलका असतो आणि सहज खाली बसत नाही. म्हणून ३००० जी बळाने १५ ते २० मिनिटं फिरवावं लागतं. इथे ‘जी’ महत्त्वाचं, आरपीएम नाही. बळ हे रोटरच्या त्रिज्येवरही अवलंबून असतं. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरला ४१०० आरपीएमवर साधारण ३००० जी मिळतात. त्याच ४१०० आरपीएमवर १० सेंटिमीटरच्या रोटरला मिळतात फक्त १९०० च्या आसपास. एका लॅबचा आरपीएम दुसऱ्या लॅबमध्ये तसाच उचलला, तर तुमचे जंतू वरच्या पाण्यात तरंगत राहतील आणि ते पाणी तुम्ही जंतुनाशकात ओतून द्याल. सेंट्रिफ्यूज थंड करणारं असलेलं बरं, कारण फिरताना वाढणारी उष्णताही जंतू मारते.

मीडिया: अंडं की ट्यूब?

लोवेनस्टाइन-जेन्सन, लॅबच्या भाषेत एलजे, हा घन मीडिया. त्यात अंडी, ग्लिसरॉल, ॲस्परॅजिन, क्षार आणि मॅलेकाइट ग्रीन असतं. हिरवा रंग शोभेसाठी नाही. मॅलेकाइट ग्रीन इतर जंतूंना आवर घालतं. अंडी ताजी हवीत आणि ती कुठल्या कोंबड्यांची हेही बघावं लागतं, कारण कोंबडीला अँटिबायोटिक दिलेलं असेल तर ते अंड्यातून मीडियात उतरू शकतं. मिश्रण बाटल्यांत भरून ८० ते ८५ अंशांवर तिरकं गोठवतात. एलजेवर ट्यूब आठ आठवडे ठेवल्याशिवाय निगेटिव्ह म्हणत नाहीत.

द्रव पद्धतीत एमजीआयटी वापरतात. ट्यूबमध्ये ७ मिलिलिटर मिडलब्रूक ७एच९ असतं. वापरायच्या वेळी वाढीसाठीचं सप्लिमेंट आणि पाच औषधांचं मिश्रण (पॉलिमिक्सिन बी, ॲम्फोटेरिसिन बी, नॅलिडिक्सिक ॲसिड, ट्रायमिथोप्रिम, ॲझलोसिलिन) मिळून ०.८ मिलिलिटर घालतात आणि मग ०.५ मिलिलिटर नमुना. तळाशी सिलिकॉनमध्ये एक चमकणारं संयुग बसवलेलं असतं. ऑक्सिजन असेपर्यंत त्याची चमक दबलेली राहते. जंतूंनी ऑक्सिजन संपवला की ते चमकतं. मशीन दर तासाला ही चमक वाचतं. ४२ दिवसांत काही दिसलं नाही तर निगेटिव्ह.

द्रव पद्धत जलद आणि जास्त संवेदनशील आहे, मग एलजे कशाला? कारण घन मीडियावर एखादी नको असलेली कॉलनी आली तरी ती आपल्या जागी राहण्याची शक्यता असते आणि शेजारची खडबडीत, फिकट पिवळसर टीबीची कॉलनी डोळ्यांना दिसू शकते. द्रवात एक घुसखोर आला की अख्खी ट्यूब त्याची. म्हणून जमेल तिथे दोन्ही लावतात.

शून्य टक्के कंटॅमिनेशन ही आनंदाची बातमी नाही

आता मुख्य मुद्दा. चांगली चालणारी टीबी लॅब आपला कंटॅमिनेशनचा दर एलजेवर साधारण ३ ते ५ टक्के आणि द्रव मीडियात ८ ते १० टक्क्यांच्या आत ठेवायचा प्रयत्न करते. दर जास्त झाला तर काहीतरी बिघडलंय हे कुणालाही कळतं. पण तो सतत शून्याजवळ असेल तर? बाहेरच्या माणसाला वाटेल, किती स्वच्छ काम! जाणकार मात्र विचारेल: अल्कली जास्त तर होत नाहीये ना?

कारण मेणचट भिंत टीबीला वाचवते ती काही काळच. सौम्य समजल्या जाणाऱ्या एनएएलसी पद्धतीतही साधारण एक तृतीयांश जंतू मरतात. कडक पद्धतींत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. भरपूर जंतू असलेल्या पेशंटच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. लाखातले ७० हजार गेले तरी उरलेले वाढतात. फटका बसतो तो कमी जंतू असलेल्यांना: लहान मुलं, एचआयव्हीबाधित, आजाराच्या सुरुवातीला आलेले.

एक साधं गणित करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. ५ मिलिलिटर बेडक्यात दर मिलिलिटरला १० जिवंत जंतू आहेत, म्हणजे एकूण ५०. मायक्रोस्कोपला दिसायला मिलिलिटरमागे ५ ते १० हजार लागतात, त्यामुळे स्मिअर निगेटिव्हच येणार. या पेशंटची सगळी भिस्त कल्चरवर.

सौम्य पद्धत: एक तृतीयांश मेले, उरले ३३. सेंट्रिफ्यूजमधलं नुकसान सोडून देऊ. गाळ २ मिलिलिटर बफरमध्ये मिसळला आणि त्यातला ०.२ मिलिलिटर एलजेवर घातला, म्हणजे दहावा हिस्सा. ट्यूबमध्ये सरासरी ३.३ जंतू पडले. पॉयसाँ वितरणाने बघितलं तर ट्यूबमध्ये एकही जंतू न पडण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास.

कडक पद्धत: ७० टक्के मेले, उरले १५. ट्यूबमध्ये सरासरी १.५. एकही न पडण्याची शक्यता जवळजवळ २२ टक्के.

म्हणजे त्याच माणसाचा, त्याच डबीतला नमुना. फरक फक्त तुम्ही अल्कली किती आणि किती वेळ ठेवली याचा, आणि हुकण्याची शक्यता जवळजवळ सहापट. क्षयाचे जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्यांत राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र याहून वाईट असू शकतं. शिवाय हुकलं तर पुन्हा नमुना घेऊ, हे नेहमी शक्य नसतं. दरम्यान औषधं सुरू झाली असतील तर जंतू कमी झालेले असतात. उपचारापूर्वीचा तो नमुना एकदाच मिळतो.

म्हणून डिकंटॅमिनेशनची तीव्रता ठरवणं म्हणजे कोणती चूक किती चालेल हे ठरवणं. ३ ते ५ टक्के ट्यूब कंटॅमिनेट होऊ देणं हा हलगर्जीपणा नाही. कमी जंतू असलेल्या पेशंटला संधी मिळावी म्हणून मोजून दिलेली ती किंमत आहे.

मशीन पॉझिटिव्ह म्हणालं, पण थांबा

एमजीआयटी ट्यूब चमकली याचा अर्थ एवढाच की आत कोणीतरी ऑक्सिजन संपवला. कोणी, हे आपण शोधायचं. झील-नील्सन स्मिअर करायचा. आम्लरोधी काड्या दिसल्या आणि त्या दोरखंडासारख्या वळलेल्या असल्या तर टीबीचा संशय बळावतो. त्याच वेळी एक थेंब ब्लड अगारवर लावून एक-दोन दिवस बघायचं, तिथे वाढ झाली तर कंटॅमिनेशन. मग एमपीटी६४ प्रतिजनाची पट्टी चाचणी. ती १५ मिनिटांत टीबी गट आणि बाकी मायकोबॅक्टेरिया यांत फरक करते. अपवाद असतात: संबंधित जीनमध्ये बदल झालेले काही स्ट्रेन आणि काही बीसीजी स्ट्रेन ही चाचणी निगेटिव्ह देतात.

याहून अवघड प्रश्न म्हणजे खोटं पॉझिटिव्ह. एका नमुन्यातला बारीक शिंतोडा किंवा बफरच्या बाटलीच्या तोंडाला लागलेला थेंब दुसऱ्या ट्यूबमध्ये गेला, तर निरोगी माणसाच्या नावावर खराखुरा टीबीचा जंतू वाढतो. ओळख चाचणी, जीन चाचणी, सगळं बरोबर येतं. चुकलेलं असतं फक्त नाव. त्या माणसाला सहा महिने औषधं, आणि स्ट्रेन रेझिस्टंट निघाला तर त्याहून जड उपचार.

हे टाळायचे उपाय साधे आहेत: एका वेळी एकच ट्यूब उघडायची, बफर बॅचपुरतं छोट्या बाटलीत काढून घ्यायचं आणि उरलेलं फेकायचं, ओतताना ट्यूबच्या काठाला स्पर्श करायचा नाही, आणि बॅचच्या शेवटी निर्जंतुक बफरची एक ट्यूब सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. ती पॉझिटिव्ह आली तर अख्ख्या बॅचवर प्रश्नचिन्ह. स्मिअर निगेटिव्ह, एकच कल्चर पॉझिटिव्ह, तेही उशिरा, दोन-चार कॉलनी, आणि त्याच बॅचमध्ये भरपूर जंतूंचा दुसरा नमुना, असं चित्र दिसलं की रिपोर्ट पाठवण्याआधी डॉक्टरांशी बोला. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून बहुतेक लॅब एच३७आरव्ही वापरतात. तोही बॅचच्या अगदी शेवटी हाताळायचा, नाहीतर कंट्रोलच पेशंटच्या ट्यूबमध्ये जायचा.

सगळ्या संथ जंतूंना एकच खोली चालत नाही

३७ अंशांवर काही वाढलं नाही, म्हणजे काही नव्हतं असं नाही. मायकोबॅक्टेरियम मरायनम आणि अल्सरान्स हे त्वचेचे आजार करणारे जंतू ३० ते ३३ अंशांवर चांगले वाढतात. मायकोबॅक्टेरियम हिमोफिलमला हिमिन किंवा लोहाचा पुरवठा लागतो. नेहमीच्या एलजेवर तो येणारच नाही. मायकोबॅक्टेरियम बोव्हिसला ग्लिसरॉल मानवत नाही, पायरुव्हेट घातलेला मीडिया लागतो. कुष्ठरोगाचा जंतू तर हान्सेन यांनी १८७३ मध्ये दाखवला, पण आजही कृत्रिम मीडियावर वाढत नाही. तो उंदराच्या तळपायात किंवा आर्माडिलोत वाढवावा लागतो. म्हणून नमुना कुठून आला, त्वचेची गाठ की बेडका, हे फॉर्मवर लिहिलेलं असणं ही कारकुनी बाब नाही. ट्यूब कुठल्या इन्क्युबेटरमध्ये जाणार हे त्यावर ठरतं.

मॉलिक्युलर टेस्ट असताना हा खटाटोप का?

जीनएक्स्पर्ट साधारण दोन तासांत टीबी आणि रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स सांगतं. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची शिफारस केली. निदानासाठी आता हीच पहिली पायरी आहे आणि ते योग्यच आहे.

पण डीएनए जिवंत जंतूचा आहे की मेलेल्याचा, हे या चाचण्यांना कळत नाही. उपचार लागू पडतोय का हे बघायला जिवंत जंतू वाढतोय की नाही हेच बघावं लागतं. बेडाक्विलिनसारख्या नव्या औषधांच्या बाबतीत कुठला जनुकीय बदल म्हणजे खरा रेझिस्टन्स, हे चित्र अजून पूर्ण स्पष्ट नाही. तिथे औषध घालून जंतू वाढतो का, ही जुनी पद्धतच आधार आहे. आणि संशोधनासाठी आयसोलेट हवाच. पूर्ण जिनोम असो, नव्या औषधाची चाचणी असो, फ्रीझरमध्ये ठेवलेल्या त्या छोट्या ट्यूबशिवाय पुढे जाता येत नाही.

पीएच.डी.चा आराखडा करताना

वेळेचं गणित आधी करा. निगेटिव्ह म्हणायला एमजीआयटीचे ४२ दिवस, एलजेचे आठ आठवडे. पॉझिटिव्ह आल्यावर ओळख पटवणं आणि मग औषध संवेदनशीलता, द्रव पद्धतीत साधारण ४ ते १३ दिवस, एलजेवर आणखी सहा आठवड्यांपर्यंत. शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या सहा महिन्यांत नमुने गोळा करत बसलात तर थिसिस अडकलीच समजा. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि बीएसएल-३ सुविधेत प्रशिक्षण या दोन्हींना महिने लागतात, ते पहिल्या वर्षातच मार्गी लावा.

सुरक्षिततेबाबत तडजोड नको. धोका सांडलेल्या द्रवापेक्षा हवेत उडालेल्या सूक्ष्म थेंबांचा जास्त. व्हॉर्टेक्स आणि सेंट्रिफ्यूजनंतर थोडा वेळ थांबून, बंद बकेट सेफ्टी कॅबिनेटमध्येच उघडायची.

शेवटचं, डेटा शीटबद्दल. कंटॅमिनेट झालेली ट्यूब निगेटिव्ह नसते. ती ‘माहीत नाही’ असते. २०० नमुन्यांत ३० पॉझिटिव्ह, १५० निगेटिव्ह आणि २० कंटॅमिनेट असतील, तर पॉझिटिव्हचं प्रमाण २०० वर काढलं की १५ टक्के येतं, १८० वर काढलं की १६.७. पेपरमध्ये १८० घ्या आणि २० वेगळे लिहा. तुम्ही नवी चाचणी कल्चरशी ताडून बघत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. त्या २० पैकी काहींना खरोखर टीबी असेल. तुमच्या चाचणीने तो बरोबर ओळखला आणि तुम्ही कल्चरच्या रकान्यात ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असेल, तर तुमची बरोबर उत्तरं चुकीची मोजली जातील आणि चांगली चाचणी कागदावर वाईट ठरेल.

म्हणून मुलाखतीत कोणी विचारलं, “कल्चर निगेटिव्ह म्हणजे काय?” तर उत्तर ‘जंतू नव्हते’ असं देऊ नका. या नमुन्यातून, इतकी अल्कली, इतकी मिनिटं, इतके जी, हा मीडिया, हे तापमान आणि इतके दिवस दिल्यावर वाढ दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक निगेटिव्हच्या मागे ही यादी तुमच्या नोंदवहीत असली पाहिजे.